कुरडईची चुलत बहीण: कंपोस्टेबल पिशवी वर्षभर वापरून

वर्षभरात शंभरेक किलो पिशव्या संपवल्या. किलोला ३०० रुपये धरा, म्हणजे तीस हजार गेले. इतके पैसे मी गेल्या वर्षी स्वतःच्या साड्यांवरही घातले नाहीत, तेव्हा या पिशवीला चार शब्द सुनवायचा हक्क मला आहे.

डोंबिवली पूर्वेला माझं पोळीभाजी केंद्र आहे. साडेसहाला पहिला लोंढा येतो. लोकलमधून उतरलेला माणूस, पाठीला लॅपटॉपची बॅग, हातात फोन, "पाच पोळ्या, एक सुकी, एक आमटी" म्हणतो आणि रिक्षाच्या रांगेवर डोळा ठेवून उभा राहतो. त्याच्याकडे कापडी पिशवी निघेल ही आशा मी कधीच सोडली. डबा आणलात तर ५ रुपये कमी, अशी पाटी लावली आहे. ती वाचून डबा आणणारी गिऱ्हाइकं ठरलेली आहेत आणि पाटी नव्हती तेव्हाही ती आणतच होती. बाकीच्यांसाठी रोज पस्तीसेक पिशव्या लागतात.

तर ही ती हिरवट-पांढरी, हाताला मऊ लागणारी, अंगावर "कंपोस्टेबल", म्हणजे कुजून खत होणारी, असं छापलेली पिशवी. आकार १३ बाय १६. कंपनीचं नाव देत नाही, कारण वर्षात तीन पुरवठादार झाले. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मालात डावंउजवं करण्यासारखं काही नाही, आणि पहिल्याने तर मला सरळ शेंडी लावली होती.

त्याच्या पिशवीवर हिरवं पान होतं, "इको फ्रेंडली" होतं, "बायोडिग्रेडेबल" होतं, खाली "पृथ्वी वाचवा"सुद्धा होतं. नंबर मात्र कुठलाच नव्हता. किलोला २२० म्हणाला, मी खूश. लेक बीएस्सीला आहे, रसायनशास्त्र घेऊन. तिने पिशवीचा बोटभर तुकडा कापला, पाण्यात बुडवून दोन बोटांत चोळला, म्हणजे हवेचा बुडबुडा चिकटून राहायला नको, आणि बादलीत सोडला. तरंगला. म्हणाली, "आई, पॉलिथीन आहे." पॉलिथीन पाण्याहून हलकं, आणि स्टार्चच्या मिश्रणाची खरी पिशवी पाण्याहून जड, ती तळाला जाते. उलट्या बाजूने मात्र ही परीक्षा पक्की नाही. खडूची भुकटी कोंबलेलं साधं प्लास्टिकही बुडू शकतं. म्हणजे बुडाली तर खरी असेलच असं नाही, तरंगली तर खोटी हे नक्की.

दुसरा पुरवठादार आला तो खिशात बाटली घेऊनच. डायक्लोरोमिथेन नावाचं द्रावक, खरी पिशवी त्यात विरघळते, पॉलिथीन नाही. माझ्या ओट्यावर त्याच्या पिशवीच्या तुकड्यावर चार थेंब टाकले, तुकडा चिकट होऊन विरघळला. जुन्या पिशवीच्या तुकड्यावर टाकले, ती ढिम्म. दिसायला जादू, पण त्या द्रवाचा वास नाकात जाऊ देण्यासारखा नसतो. मी त्याला बाटली बंद करायला लावून पंखा मोठा केला, शेजारी पोळ्या चालू होत्या. हे प्रयोग त्यांच्या दुकानात करावेत. आपण पिशवीवरचा मजकूर वाचावा: बनवणाऱ्याचं नाव, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक, "कंपोस्टेबल" हा शब्द आणि अशा प्लास्टिकच्या मानकाचा क्रमांक, आयएस/आयएसओ १७०८८. नुसतं "बायोडिग्रेडेबल" आणि पान एवढ्यावर जाऊ नये. २०१८ च्या जूनमध्ये राज्यात प्लास्टिकबंदी लागू झाली तेव्हा पहिल्या वेळच्या दंडाचा आकडा ५,००० रुपये होता, आणि माझ्या ओळीतल्या सगळ्या दुकानदारांना तो अजून तोंडपाठ आहे. पानाचं चित्र दाखवून तो चुकत नाही.

खऱ्या पिशवीच्या जडपणाचा एक चटका गल्ल्यालाही बसतो. पिशव्या किलोवर मिळतात, आणि वस्तूच जड असल्यामुळे किलोत नग कमी बसतात. मी मोजले, १०५ भरले. एक पिशवी २ रुपये ८५ पैसे. गिऱ्हाइकाकडून ३ रुपये मागितले की पाचशेची नोट काढणारा माणूसही "पिशवीचे पण?" म्हणतो.

आता पिशवीकडे वळते. पहिल्यांदा हातात घेतली, चुरगळली, आवाज आला नाही. प्लास्टिकसारखी कुरकुरत नाही, पातळ सुती कापडासारखी गप्प बसते. नाकाशी नेली तर मक्याच्या लाह्यांचा, किंचित आंबूस वास. आणि मला आमच्या गच्चीची आठवण झाली.

दर चैत्रात आमच्याकडे कुरडया होतात, ऑर्डरीच्या धरून चाळीसेक किलो गव्हाच्या. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटायचा, फडक्यातून पिळायचा. चोथा बाजूला, पांढरं पाणी रात्रभर ठेवायचं. सकाळी वरची निवळ ओतून दिली की तळाशी घट्ट चीक बसलेला असतो. तो मीठ घालून उकळत्या पाण्यात वैरायचा आणि हात मोडेस्तोवर घोटायचा. पांढरा चीक हळूहळू काचेसारखा पारदर्शक होतो, दांड्याला तार धरतो, मग सोऱ्यात. हे सगळं झाल्यावर पातेलं उन्हात राहिलं तर कडेला लागलेल्या चिकाचा पापुद्रा सुटून येतो. लहानपणी आम्ही भावंडं तो अखंड काढायची पैज लावायचो. उजेडात धरला की आरपार दिसतो, कानाशी वाकवला की टचकन मोडतो. लेक म्हणाली, "आई, तू दरवर्षी गच्चीवर बायोप्लास्टिक वाळत घालतेस."

तिचं खरं आहे. पिशवीतला स्टार्च मक्याचा, बटाट्याचा किंवा टॅपिओकाचा असतो, म्हणजे ज्याचा आपला साबुदाणा होतो त्याचा. जात तीच. फरक मोडण्यात आहे. चिकाचा पापुद्रा मोडतो, पिशवी मोडून चालणार नाही. म्हणून त्यात ग्लिसरीन घालतात. आम्ही घरी करून पाहिलं: एक चमचा कॉर्नफ्लोर, चार चमचे पाणी, लहान चमचा व्हिनेगर, लहान चमचा ग्लिसरीन, घट्ट होईपर्यंत ढवळून स्टीलच्या ताटात पसरलं आणि दोन दिवस वाळवलं. ग्लिसरीन न घातलेलं ताट पापडासारखं तडकलं. घातलेलं सुटून आलं, घडी घातली तरी शाबूत. करंजीच्या पिठात मोहन जे करतं ते इथे ग्लिसरीन करतं, कणांना एकमेकांना घट्ट धरू देत नाही. पण कायमचं नाही. स्टार्चच्या साखळ्या हळूहळू परत जवळ येतात आणि वस्तू ताठरते. शिळा भात टरटरीत होतो तो याच खोडीमुळे.

पाऊस सुरू झाल्यावर आमची ताटातली पिशवी चिकट झाली. पाण्यात टाकली, तासाभरात खळ. साडीला घालावी अशी. म्हणून नुसत्या स्टार्चची पिशवी कोणी विकत नाही. त्यात पीबीएटी नावाचं दुसरं पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्यांचा पदार्थ, घालतात, आणि बऱ्याच पिशव्यांत स्टार्चपेक्षा तेच जास्त असतं. पिशवी ताणली जाते, पाणी धरते ती त्याच्या जिवावर. हे पीबीएटी बहुतकरून खनिज तेलापासूनच बनतं, फक्त त्याच्या साखळीतले सांधे जंतूंना तोडता येतात म्हणून ते कुजतं. हे कळलं तेव्हा मी पुरवठादाराला फोन केला, "अहो, मक्याची म्हणून विकता ना?" तो म्हणाला, "वहिनी, मका आहेच की त्यात." आहे. उलट ब्राझीलमध्ये उसापासून पॉलिथीन बनवतात, ते जवळजवळ सगळं शेतातलं, आणि कुजायच्या नावाने साध्या पॉलिथीनइतकंच शून्य. तेव्हा कशापासून झाली आणि कुजते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुकानात दोन्ही विचारावेत.

लेकीचं एवढ्यावर भागलं नाही. स्टार्च झालं, आता प्रथिनं, म्हणून तिने माझी अर्धा किलो कणीक घट्ट मळून नळाखाली धुतली. पांढरं पाणी जाऊन हातात उरला राखाडी, रबरासारखा गोळा, म्हणजे ग्लुटेन. त्यात ग्लिसरीन मळलं आणि माझ्या पोळी दाबायच्या गरम मशीनमध्ये दोन बटर पेपरांत ठेवून दाबलं. मी ओरडेपर्यंत झालंसुद्धा होतं. बाहेर आला तो चहाच्या रंगाचा, चामड्यासारखा पातळ तुकडा. वाकत होता, वास जळक्या पावाचा. तो रात्रभर पाण्यात ठेवला. सकाळी फुगून पांढरट झाला होता, पण स्टार्चसारखी खळ झाली नाही, हातात धरून उचलता आला. उष्णतेने आणि दाबाने प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींत अडकतात, त्यामुळे. ही काही आजची युक्ती नव्हे. १९३० च्या दशकात फोर्डच्या मोटारींतली हॉर्नची बटणं आणि गिअरच्या मुठी सोयापेंडीचा भरणा असलेल्या प्लास्टिकच्या निघत होत्या. त्याच्याही आधी युरोपात दुधातल्या केसीनची बटणं कोटांना लागत. सोयापेंडीत निम्म्याच्या जवळपास प्रथिन असतं आणि लातूर-विदर्भाकडे सोयाबीनला भाव नाही म्हणून दर हंगामात ओरड असते. असं असून माझ्या हातात प्रथिनाची पिशवी आजवर कुणी दिलेली नाही. पाण्याने फुगणं आणि किंमत, या दोन ठिकाणी घोडं अडतं. शिवाय गव्हाच्या ग्लुटेनची पिशवी आली तर गहू न चालणाऱ्या माणसाची ज्वारीची भाकरी मी तिच्यात कशी बांधू? मशीनची पाटी मात्र मला दोनदा घासावी लागली.

आता काउंटरवरचा अनुभव. वाफाळत्या पोळ्या थेट पिशवीत टाकल्या तर पिशवी पोळीला बिलगते आणि तळ लिबलिबीत होतो. पहिल्या आठवड्यात एक गृहस्थ दहा पोळ्या घेऊन निघाले, दोन पावलांवर कानाचा पट्टा चिकाच्या तारेसारखा लांबत गेला. तुटला नाही. लांबत लांबत पिशवी गुडघ्यापर्यंत आली आणि त्यांनी ती खालून झेलली. तेव्हापासून पोळ्या आधी जाळीवर, मग बटर पेपरात, मग पिशवीत. थंड आणि कोरड्या मालाला मात्र पिशवी चांगली आहे, अगदी निःसंकोच सांगते. चकल्या, लाडू, बांधलेले डबे, दीड-दोन किलोपर्यंत वजन आरामात. पालेभाजीला तर प्लास्टिकपेक्षा बरी, कारण ती वाफ बाहेर सोडते. मेथीची जुडी फ्रिजमध्ये तिच्यात ठेवली, तिसऱ्या दिवशीही आत पाणी सुटलेलं नव्हतं. पण याच गुणाने चकली तिच्यात दोन दिवसांत मऊ पडते. फराळ घरी नेल्यावर लगेच डब्यात काढा, असं मी दिवाळीत प्रत्येकाला बजावत होते.

दिवाळीचंच पुढचं सांगते, ती माझीच चूक. ऑर्डरी होत्या, पुरवठादार २६० लावतो म्हणाला, मी २० किलो एकदम घेतल्या. खर्च झाल्या आठ-नऊ. उरलेल्या माळ्यावर टाकल्या, आणि माळा शेगड्यांच्या बरोबर वर. मार्चमध्ये गठ्ठा काढला. पिशवी उघडायला फुंकर मारली तर कड फाटली. कानात बोट घातलं, कान हातात आला. सगळा गठ्ठा तसाच, वाळक्या पिंपळपानासारखा. वेष्टनावरची तारीख पाहिली तर मी घेतला तेव्हाच माल चार महिन्यांचा होता. पुरवठादार म्हणाला, "सहा ते आठ महिन्यांत वापरायच्या असतात वहिनी, थंड जागी." हे त्याने ऑक्टोबरमध्ये सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण रागावून तरी काय करणार? ज्या स्वभावामुळे ती खड्ड्यात कुजते, त्याच स्वभावाने ती माळ्यावरही कुजायला लागते. उष्णता आणि दमट हवा दोन्ही मीच पुरवली होती. आता पिशव्या पिठाच्या खोलीत, जमिनीलगत, हवाबंद डब्यात, आणि एका वेळी पाच किलोच्या वर नाही. दूध घेताना बघतो तशी तारीख बघायची.

फुटक्या पिशव्यांचं केलं काय? आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचे २०० लिटरचे दोन ड्रम आहेत. एकात मी चार वस्तू घातल्या, प्रत्येक खुणेच्या जाळीत बांधून: एक चांगली पिशवी, एक माळ्यावरची, पहिल्या पुरवठादाराची पानवाली, आणि ताकासाठी आणलेला पारदर्शक पीएलएचा, म्हणजे साखरेपासून बनणाऱ्या प्लास्टिकचा, ग्लास, तोही "कंपोस्टेबल". प्रमाणपत्रामागचा नियम असा आहे की सुमारे ५८ अंश तापमानाच्या खतात वस्तूचे १२ आठवड्यांत तुकडे व्हावेत, आणि १८० दिवसांत तिच्यातल्या ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हावा. ५८ अंश! मी पाकाचा थर्मामीटर ड्रममध्ये खुपसला. नवा कचरा घातल्यावर दोन दिवस ४६, मग ३५ वर येऊन बसला. मोठ्या ढिगाला जी ऊब धरते ती ड्रमला धरत नाही.

दोन महिन्यांनी माळ्यावरची पिशवी सापडलीच नाही, जाळीत चार चिंध्या. चांगल्या पिशवीला भोकं पडली होती, ओल्या केळीच्या पानासारखी लगदा झालेली, पण ओळखू येत होती. ती पुरती दिसेनाशी व्हायला पाच महिने लागले. पानवाली जशीच्या तशी, पान धुतल्यावर आणखी हिरवं. आणि ग्लास? सहा महिन्यांनी काढला, नळाखाली धरला, पुन्हा ताक ओतावं असा. पीएलए सावकाशीचं आहे, ५५-६० अंशांच्या खाली ते ताठ बसून राहतं. आणि त्याच्या वर गेलं की लोळण घेतं, हे मी आधीच शिकले होते: एका पोराने त्याच ग्लासांत गरम कढी भरली आणि काउंटरवर ग्लास आपोआप मान टाकून बसला. उसाच्या चिपाडाच्या डब्यावर पीएलएचं झाकण लावलं तर आमटीच्या वाफेने त्याची कड वळते. गरम पदार्थाला ती वस्तू नाहीच. जेजुरीला प्राज कंपनीने २०२४ मध्ये पीएलए बनवायचं प्रात्यक्षिक केंद्र सुरू केलं आहे, म्हणजे उद्या आपल्या उसाच्या साखरेचे ग्लास आपल्याच जिल्ह्यांतून येतील. येऊ देत. पण ते कुजवायला भट्टीसारखा तापलेला ढीगही कुठेतरी हवा, आमच्या ड्रमच्या भरवशावर राहू नये.

गिऱ्हाइकांचे प्रश्न ठरलेले आहेत. "झाडाच्या कुंडीत पुरली तर चालेल?" चालेल, तुकडे करून, आणि पुढच्या गणपतीपर्यंत धीर धरून. "गाईने खाल्ली तर?" अजिबात नाही, प्रमाणपत्र खताच्या ढिगाचं आहे, गाईच्या पोटाचं नाही. "भंगारात देऊ?" भंगारवाला घेत नाही, आणि दुसऱ्या प्लास्टिकमध्ये मिसळली तर तो लॉट बिघडवते. सुक्या कचऱ्यात टाकली की तिच्यावर घातलेले जास्तीचे दोन रुपये पाण्यात. डंपिंगच्या ढिगाखाली हवाच नसेल तर तिचं खत होणार कुठून? ती ओल्या कचऱ्यातच जायला हवी, आणि तो ओला कचरा खरोखर खतापर्यंत पोचायला हवा. मी पिशवी देताना एवढंच सांगते, "घरी ही डस्टबिनला लावा." खरकटं, चहाची पावडर, भाजीची देठं तिच्यासकट ड्रममध्ये, पिशवी उलटी करून धुवायची कटकट नाही. माझ्या मते या पिशवीचं खरं काम हेच, आणि तिथे ती पैकीच्या पैकी आहे. एक अट: दोन दिवसांत बाहेर काढायची. तिसऱ्या दिवशी तळ सुटतो आणि मग फरशी पुसावी लागते, हेही स्वानुभवाने.

गुण द्यायचे तर कचऱ्याच्या डब्यासाठी पाचापैकी पाच, थंड-कोरड्या मालासाठी साडेतीन, गरम पोळ्यांसाठी दीड, आणि तो अर्धा तार न तुटल्याबद्दल. गरम जेवणासाठी मी आता खाकी कागदाची पिशवी घेते. तळाला तेल लागलं की तिचीही पंचाईत होते, पण तो वेगळा लेख.

काल तिसऱ्याला फोन लावला. म्हटलं, तीन किलो, १६ बाय २०, कचऱ्याच्या, आणि तारीख गेल्या महिन्याच्या आतली. तो म्हणाला, "वहिनी, दहा घ्या, २७० लावतो." मी माळ्याकडे बघितलं. म्हटलं, तीनच.